पाठकोऱ्या कागदांवरची माणसं

शालन आत्या नगरहून यायची ती एस.टी.नं फाट्यावर उतरून, आणि फाट्यापासून घरापर्यंत तिची पिशवी गावातलं कुणीतरी सायकलच्या हँडलला अडकवून आणायचं. पिशवीत काय असेल यावरून आम्हा भावंडांची आधीच भांडणं झालेली असत आणि बहुतेक वेळा सगळेच हरत. आत निघायची पुस्तकं, एक जास्तीचं पातळ, टाचणीनं टोचलेले छापील कागद आणि तळाशी गोळ्यांचा पुडा, तोही पाढे म्हणून दाखवल्याशिवाय सुटायचा नाही. आत्या म्हणजे आमच्या दादांची, वडिलांची, धाकटी बहीण. तिचं लग्न झालं होतं पण ती नांदली नाही. का, ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि विचारायची सोय नव्हती. आमचे थोरले चुलते, तात्या, तिला सासरहून घेऊन आले, नगरला ठेवून शिकवली, आणि ती तिथं एका संस्थेच्या बालवाडीत बाई झाली. त्यामुळे तात्या म्हणजे तिचा देव. देवाच्या बाबतीत माणसाची नजर जरा मऊ पडते. पुढं जे झालं त्याचं कारण हेच असावं असं मला आज वाटतं, पण आत्याच्या हुशारीबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

तो सगळा काळ आमच्याकडची माणसं नुसतं ‘दुष्काळात’ म्हणून सांगतात, सन सांगत नाहीत. आमचं गाव पाथर्डीच्या बाजूचं, कोरडवाहू. घर धाब्याचं, पुढं ओसरी, उजव्या हाताला गोठा, आणि गोठ्याची भिंत आमच्या चुलीच्या खोलीला लागून, त्यामुळे आई भाकरी थापत असली की पलीकडून बैलांचा फुसकारा ऐकू यायचा. त्या वर्षी मात्र दिवस उजाडायचा तो पाझर तलावाच्या कामावरच्या आवाजानं. माळावर अर्धा गाव खडी फोडत बसायचा आणि तो टकटकाट वाऱ्याबरोबर आमच्या ओसरीत यायचा. आधी तो कानाला टोचायचा, मग त्याची सवय झाली, आणि बाजाराच्या दिवशी काम बंद असलं की उलट चुकल्यासारखं वाटायचं. दादा आणि थोरला वसंत कामावर जात. घरात बाजरी संपली होती. रेशनवर परदेशी ज्वारी, लाल मिलो, मिळायचा, त्याची भाकरी थापताना कडेनं चिरायची आणि खाताना घशात अडायची. आई त्याला हुलग्याच्या माडग्याची जोड द्यायची. शाळेत सुकडी वाटत. ती आम्ही तिथं थोडी खायचो आणि उरलेली खिशातून घरी आणायचो. खिसे कायम चिकट. मला त्या सुकडीची चव अजून आवडते, हे मी माझ्या नातवंडांना सांगते तेव्हा ती माझ्याकडे कीव आल्यासारखी बघतात.

आमचे बैल दोन, चांद्या आणि ढवळ्या. कडबा मिळेना, गुरांची छावणी लांब, तेव्हा एकाला तरी काढावं असं दादांनी ठरवलं. जेवताना आईला म्हणाले, “दोगांचं खानं झेपंना. एकाला चांगल्या घरी दिल्यालं बरं. त्याचं बी भलं, आपलं बी.” निघायच्या सकाळी आईनं चांद्याच्या कपाळावर हळदकुंकू लावलं, त्याला आपल्या वाटणीची भाकरी चारली आणि त्याच्या पाया पडली. दादा त्याला घोडेगावच्या बाजाराला घेऊन गेले आणि हट्ट केला म्हणून धाकट्या सुभाषला बरोबर नेलं. तो नुकताच पहिलीत बसू लागला होता. संध्याकाळी दोघं परत आले ते चांद्याचं दावं घेऊन. जनावर विकलं तरी त्याच्या गळ्यातला दोर विकत नाहीत, तो घरी आणून ठेवतात. दावं गेलं तर गोठ्याची बरकत जाते म्हणतात. दादांनी ते गोठ्यात खुंटीला अडकवलं. सुभाष त्या दिवशी बाजाराबद्दल पुष्कळ बोलला. घेणारा माणूस आणि दादा यांनी रुमालाखाली हात घालून एकमेकांची बोटं कशी धरली, तोंडानं एक अक्षर न बोलता सौदा कसा झाला, हे त्यानं मला आईचं फडकं घेऊन करूनही दाखवलं. माझी बोटं त्यानं इतकी जोरात दाबली की मी ओरडले. त्यानंतर तो बाजाराचं नाव काढेनासा झाला.

त्याच सुमारास सुभाष शहाणा झाला. हे मी घरच्यांच्या शब्दात सांगते आहे. आधी तो आमच्यातला सगळ्यात द्वाड. शेजारच्या कोंबड्यांच्या मागं लागणार, माझ्या वेण्या ओढणार, ताटातलं आवडलं नाही तर ताट सरकवणार. तो एकाएकी सांगितल्याशिवाय पाण्याची कळशी उचलायला लागला. टँकर आला की रांगेत सगळ्यांच्या आधी उभा. जेवायला बसला की अर्धी भाकरी खायचा आणि झालं म्हणून उठायचा. उरलेली अर्धी गोठ्यात जाऊन ढवळ्याला द्यायचा. आईला वाटलं मिलो त्याला आवडत नाही. दादांना वाटलं त्याला अक्कल आली. गावात कुणी आलं की दादा कौतुकानं सांगत, “पोरगं लई गुनी झालंय आता.” सुभाष ते खाली मान घालून ऐकायचा. आज तो आजोबा झाला आहे, दोन्ही सुना हाताशी, घरात कशाला कमी नाही, पण ताटात भाकरी पडली की आधी ती मोडून अर्धी बाजूला ठेवतो. सुना त्याला सवय म्हणतात.

शहाणपणाचं दुसरं एक कारण घरात होतं, पण ते आम्हा मुलांना माहीत नाही अशी मोठ्यांची समजूत होती. तात्यांचं नेवाशाला किराण्याचं दुकान. नदीकाठचं गाव, हातपंपाला पाणी, घर स्वतःचं, आणि त्या घरात मूल नाही. आमची चुलती, जिला आम्ही मोठी आई म्हणायचो, पार देवळं-दवाखाने करून थकली होती. तेव्हा सुभाषला तात्यांच्या मांडीवर द्यायचं, म्हणजे दत्तक द्यायचं, असं दोन्ही भावांत ठरत आलं होतं. थोरला मुलगा देत नाहीत, त्यामुळे वसंतचा प्रश्न नव्हता. मुलीचा तर नव्हताच. त्यात कुणाचं वाईट चिंतलेलं नव्हतं. सुभाषला पोटभर मिळेल, शाळा मिळेल, पुढं दुकान मिळेल, आणि जाणार कुठं तर सख्ख्या चुलत्याकडे. अशा गोष्टी मुलाला आधी सांगायच्या नाहीत, ऐन दिवशी नवीन कपडे घालून पाटावर बसवायचं, ही रीत. पण आमच्या घरात आतल्या खोल्यांना भिंती होत्या आणि दारं नव्हती. जेवणं झाली की दादा आणि आई जे बोलत ते आम्ही डोळे मिटून ऐकायचो. “चांगल्या घरी जातोय. त्याचं बी भलं, आपलं बी,” दादा आईला म्हणाले, तेव्हा मला ते शब्द ओळखीचे वाटले होते. सुभाष माझ्या शेजारी पडलेला होता.

आत्या त्या खेपेला आली ती या कामासाठी. तात्यांनीच तिला निरोप धाडला होता की दिवस धरण्याआधी पोराच्या मनात काय आहे ते बघ, तुला त्यातलं कळतं. आणि तिला ते कळत होतं. पुण्याच्या कुणा डॉक्टरीणबाई तिच्या संस्थेत येऊन बालवाडीच्या बायकांना शिकवून गेल्या होत्या की लहान मूल तोंडानं सांगत नाही ते कागदावर काढतं, बघायची नजर पाहिजे. आत्यानं ती नजर कमावली होती. चुलीपुढं बसून ती आईला समजावायची. मूल आधी कुणाला काढतं ते बघायचं. कुणाला मोठं काढतं, कुणाला कोपऱ्यात ढकलतं. हात काढायचे राहिले असतील तर काहीतरी खुपतंय. स्वतःला बारकं काढलं तर मूल भेदरलेलं. तिच्या बालवाडीतल्या एका मुलीनं वडिलांना नुसते पाय काढले होते, आणि चौकशी केल्यावर निघालं की तो माणूस पिऊन येऊन लाथा घालायचा. आई भाकरी परतत ऐकत होती. ती म्हणाली, “वन्सं, मला काढाया सांगितलं तर माजं कायच निघायचं न्हाई. मला नुसती भाकरच येती.” आत्या हसली, पण तिनं तेही ऐकून ठेवलं असणार, कारण तिचा स्वभाव तसा होता.

दुसऱ्या दिवशी तिनं मला आणि सुभाषला ओसरीत बसवलं. कागद पाठकोरे होते, एका बाजूला कसलेसे छापील तक्ते आणि दुसरी बाजू कोरी. मेणाच्या खडूंचा डबा होता, निम्मे खडू मोडलेले, पण एवढे रंग एका जागी मी त्याआधी पाहिले नव्हते. आपल्या घरातली माणसं काढा, एवढंच ती म्हणाली, आणि लांब जाऊन तांदूळ निवडत बसल्यासारखं करत आमच्याकडे बघत राहिली. ताटात तांदूळ नव्हतेच, मिलो होता. सुभाष पोटावर पालथा झाला आणि जीभ बाहेर काढून कामाला लागला. मी नीट मांडी घालून बसले. शाळेत गुरुजींनी फळ्यावर जे चित्र शिकवलं होतं ते मला पाठ होतं, दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, एक झोपडी, एक नारळाचं झाड आणि पुढं वाहती नदी. नारळाचं झाड आमच्या पंचक्रोशीत नव्हतं आणि नदी त्या वर्षी कुणाचीच वाहत नव्हती. मी निळा खडू संपेपर्यंत नदी रंगवली. रेघ कुठं बाहेर गेली नाही.

सुभाषचं चित्र आत्यानं आईला दाखवलं तेव्हा ती खूश होती. मध्यभागी सुभाष, कागदाच्या वरच्या कडेपर्यंत मोठा, पोट गोल, तोंड उघडं आणि हसरं, कपाळावर लालभडक टिळा. एका बाजूला दादा आणि तात्या समोरासमोर उभे, त्यांचे हात एकमेकांत गेलेले आणि हातांवर एक चौकोन. दुसऱ्या बाजूला आई, तिच्या हातात एक लांब नागमोडी रेघ, ती सुभाषच्या दिशेनं यायची पण पोचायची नाही. मोठी आई दारात. आत्यानं एकेक गोष्ट बोटानं दाखवली. स्वतःला एवढं मोठं आणि मधोमध काढलंय म्हणजे पोर भेदरलेलं नाही. टिळा म्हणजे मानाची खूण. दोघं भाऊ हातात हात घालून आहेत म्हणजे घरातली माया त्याला दिसते आहे. आईच्या हातातली रेघ म्हणजे तिच्याशी असलेलं नातं, ते तुटलेलं नाही, फक्त त्याला अजून रेघ नेमकी जोडता येत नाही. “वहिनी, काळजी करू नका,” ती म्हणाली. “हे समाधानी मुलाचं चित्र आहे.” आईनं कागद हातात घेतला, उलटासुलटा केला, आणि परत दिला. मग आत्यानं माझं चित्र उचललं, म्हणाली, “हिचं काय, हिचं छानच आहे,” आणि ते खाली ठेवलं. माझ्या चित्रात माणूस एकही नव्हता. हल्ली माझ्या नातीच्या शाळेत मुलांची चित्रं बघायला एक बाई येतात आणि पालकांना बोलावून काय काय सांगतात. त्यांच्या हातात ते पडलं असतं तर त्यांनी मला समोर बसवून पुष्कळ विचारलं असतं. मला स्वतःला विचाराल तर मी त्यात काही मनातलं काढलं नव्हतं. जे चुकणार नाही असं वाटलं ते काढलं.

तात्या आणि मोठी आई दोन दिवसांनी आले. तात्यांसाठी ओसरीत घोंगडं टाकलं. मोठी आई आत, आईजवळ. थोरल्या दिरापुढं आई बोलत नसे, डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती दाराआड उभी राहायची, आणि तिला काही सांगायचं असेल तर ते ती मला सांगायची आणि मी ओसरीत. त्या दिवशी तिनं मला काहीच सांगितलं नाही. आत्यानं सुभाषचं चित्र तात्यांपुढं ठेवलं आणि चुलीपाशी सांगितलेलं सगळं पुन्हा सांगितलं. तात्या ते ऐकून सुखावले. उपरण्यानं तोंड पुसत म्हणाले की पोराला माया कळते म्हणजे झालं, आता भटजीला विचारून दिवस धरू. इथं आत्यानं थांबायला हरकत नव्हती. पण डॉक्टरीणबाईंनी तिला शिकवलेली शेवटची पायरी राहिली होती, मुलाला त्याचं चित्र त्याच्या तोंडून सांगायला लावायचं. ती पायरी तिनं आधी का गाळली आणि मग तात्यांसमोर का घेतली, हे मला सांगता येणार नाही. बहुधा तिला आपलं शिक्षण भावाला दाखवायचं होतं. तिनं सुभाषला हाक मारून मांडीजवळ बसवलं.

“हे दोघं कोण आहेत रे?”

“दादा आन् तात्या.”

“हातात हात घेतलाय त्यांनी?”

“न्हाई. वरून रुमाल हाय. आत बोटं हायेत.”

आत्याला कळलं नाही. तिनं विचारलं, कसला रुमाल. सुभाष तिला समजावण्याच्या सुरात म्हणाला, “बाजारात धरत्यात तसला. बोलायचं नसतं तवा.” तात्यांच्या हातात उपरणं होतं. ते त्यांनी हळूच मांडीवर ठेवलं. माळावरचा खडीचा आवाज एकदम जवळ आल्यासारखा वाटला. आत्याचं बोट अजून कागदावर होतं आणि ते आपोआप मधल्या सुभाषवर सरकलं. कपाळाला काय आहे हे तिनं विचारलं की नाही ते मला आठवत नाही, पण सुभाषनं ते सांगितलं. ते कुंकू. घेऊन जातात तेव्हा आई लावते. तोंड उघडं आहे कारण आई भाकरी चारते आहे. आणि आईच्या हातात दावं आहे.

“माजं दावं हाय ते,” तो म्हणाला. “ते घरीच ठिवायचं असतं.”

आत्यानं कागदावरचं बोट उचललं. सुभाषला वाटलं असावं की आपलं काहीतरी चुकलं, कारण तो दादांकडे वळला आणि घाईघाईनं म्हणाला, “दादा, मी आता अर्धीच भाकर खातो. ढवळ्याला इचार.”

मी आजवर पुष्कळ माणसं रडताना पाहिली आहेत. दादा रडले नाहीत. ते नुसते त्याच्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की मला भीती वाटली. मग आई दाराआडून बाहेर आली. तात्या समोर बसलेले, डोक्यावरून पदर ढळलेला, आणि ती सरळ ओसरीच्या मधून चालत आली, एवढ्या मोठ्या पोराला उचलून कडेवर घेतलं आणि आत गेली. आमच्या घरात तसं त्याआधी कधी झालं नव्हतं. सुभाषचे पाय तिच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते.

“तात्या, पोरगं म्या देत न्हाई,” दादा म्हणाले.

“मी काय इकत घ्याया आलोय व्हय, नामा?”

“न्हाई. पर त्याला तसं वाटलं.”

तात्या वाईट माणूस नव्हते. त्यांनी तो कागद उचलला, रुमालाच्या चौकोनाकडे बराच वेळ पाहिलं, आणि घडी न घालता आत्याच्या हातात दिला. आत्याचा चेहरा पडला होता. ती म्हणत होती की मी आधीच विचारायला हवं होतं, माझ्या लक्षात कसं आलं नाही, आपल्याच घरातली रीत, मी ह्याच गोठ्यात वाढले. तिला कुणी दोष दिला नाही, पण तिचं बोलणंही कुणी मनावर घेतलं नाही. गुळाचा चहा झाला. सगळे तो जरुरीपेक्षा सावकाश प्याले. मोठी आई आत बसली होती ती बाहेर आलीच नाही. आता प्रश्न असा होता की थोरला भाऊ आणि भावजय एवढ्या लांबून आले, त्यांना तसंच कसं परत पाठवायचं. भावाभावांत गाठ पडली असती तर ती पुढं सुटली नसती, हे दोघांनाही कळत होतं.

वाट तात्यांनीच काढली. म्हणाले, “मग सुमनला तरी येऊ दे. घरात ही एकटीच असती दिवसभर. तिथं शाळा हाय, पानी हाय. इधी-बिधी कायच नगं.” ओसरीतली हवा तेवढ्यानं सैल झाली. दादांनी मान हलवली. मुलीचं काय, ती आज ना उद्या जायचीच, आणि जाऊन कुठं जाणार तर घरच्या घरी. आत्याच्या तर जिवात जीव आला. नेवाशाला मुलींना मॅट्रिकपर्यंत शिकता येतं, पोरीचं सोनं होईल, असं ती भराभर सांगत सुटली, आणि माझ्याकडे बघून कौतुकानं म्हणाली, “आमची सुमन शहाणी आहे. ती राहील.” मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. शहाण्या मुलीनं अशा वेळी काय करायचं ते मला माहीत होतं, म्हणून मी रिकामे कप गोळा केले आणि आत नेऊन विसळले. आईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती सुभाषला दूध-गूळ काहीतरी भरवत होती आणि तो पोटभर खात होता. मला त्याचा राग आला नाही. त्याला खाताना बघून बरंच वाटलं. पण माझा घसा दुखत होता आणि तो पुढं कितीतरी दिवस दुखत राहिला. नेवाशाला तात्यांनी त्यासाठी डॉक्टरही केला.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं आम्ही निघालो. नेवाशाचं घर दुकानाच्या मागं होतं, सगळीकडे गोड्या तेलाचा आणि साबणाचा वास, आणि हातपंप दाबला की खरंच पाणी यायचं. मी तो उगाचच दाबत बसले. दुपारी तात्या दुकानात होते. मोठ्या आईनं ट्रंक उघडली आणि आतून कपड्यांचा एक गठ्ठा काढला. मुलाचे सदरे होते, निळ्या चौकडीचे, पिवळे, एक जरीच्या गळपट्टीचा, आणि त्यांच्याबरोबरच्या चड्ड्या. सगळं तिनं घरी हातानं शिवलेलं, अंदाजानं, थोडं मोठंच, पोर वाढेल म्हणून. ते पुढ्यात घेऊन ती भिंतीला टेकून बसली आणि दाढीच्या जुन्या पात्यानं एकेक शिवण उसवायला लागली. मी समोर बसले. मोठी आई कमी बोलायची. प्रवासातही ती माझ्याशी बोलली नव्हती, आणि मला वाटलं होतं की सुभाषऐवजी मी आले म्हणून ती नाराज आहे. बाह्या वेगळ्या झाल्या, गळा वेगळा झाला, ती उसवलेला दोरा बोटाला गुंडाळत गेली.

“तुला इचारलं हुतं का गं कुनी?” तिनं मान वर न करता विचारलं.

मी म्हणाले, “न्हाई.”

“मला बी न्हाई,” ती म्हणाली.

तिनं निळ्या चौकडीचं कापड मांडीवर पसरून हातानं सारखं केलं. यातून तुझी दोन पोलकी निघतील म्हणाली. मग तिनं मला उभं केलं, हात वर करायला सांगितले, आणि दोऱ्यानं माझं माप घेतलं.